ट्रॅक डेला निघालात? ब्रेक ऑईल नुसतं वरून भरू नका!

पावसाळा सरला की ट्रॅक डेच्या, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसांच्या, नोंदण्यांना जोर येतो. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून मंडळी आपली रोजच्या वापरातली गाडी घेऊन निघतात. कोणी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला जातं, कोणी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला, कोणी थेट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला. या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. ब्रेक ऑईलची पातळी कमी दिसली तर डबीत वरून ओतू नका, ती का उतरली ते आधी शोधा. आणि पातळी अगदी बरोबर दिसली तरी जुन्या ऑईलवर ट्रॅकवर उतरू नका.

ट्रॅक डेच्या सकाळी गाड्यांची तपासणी होते, तिथे मी मदतीला असतो. हेल्मेट, टायर, बॅटरीचा क्लॅम्प, चाकांचे नट हे सगळं पाहून झालं की बॉनेटखाली ब्रेक ऑईलच्या डबीवर टॉर्च मारायचा. बहुतेक गाड्यांत पातळी ‘मॅक्स’च्या रेघेला टेकलेली असते. मग मी विचारतो, पॅड किती उरलेत? समोरचा गप्प होतो, किंवा म्हणतो, “कालच सर्व्हिसिंग करून आणलीय, ऑईल टॉप-अप केलंय.” हे उत्तर ऐकलं की मला पातळी कमी असलेल्या गाडीपेक्षा या गाडीची जास्त काळजी वाटते. कमी पातळीची गाडी निदान काहीतरी सांगत असते. टॉप-अप केलेल्या गाडीचं तोंड आपणच बंद केलेलं असतं.

पातळी उतरते कशी, ते आधी समजून घ्या. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातलं ऑईल इंजिन ऑईलसारखं जळत नाही आणि ‘खाल्लंही’ जात नाही. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर सरकतो, त्याच्यामागे जागा तयार होते आणि ती भरायला डबीतलं ऑईल खाली जातं. साधा हिशोब करून पाहू. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमध्ये ५४ मिलिमीटर व्यासाचा एक पिस्टन धरा. आतला आणि बाहेरचा पॅड मिळून १४ मिलिमीटर झिजले तर त्या एका कॅलिपरमध्ये ३२ मिलिलिटर ऑईल जास्तीचं जाऊन बसतं. दोन्ही चाकांचे मिळून ६४ मिलिलिटर. छोट्या गाडीच्या डबीत ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ या रेघांमधलं अंतर साधारण अशाच हिशोबाने ठेवलेलं असतं. म्हणजे गाडी ठणठणीत असली तरी पॅड झिजत जातील तशी पातळी हळूहळू खाली येणारच, आणि ती ‘मिन’जवळ पोचली की पॅड संपत आले असं समजायचं. चाक न काढता पॅडची खबर देणारी ही एक सोपी खूण मालकाच्या हाती असते. सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी न विचारता ५० मिलिलिटर ओतलं की ती खूण पुसली जाते.

आता असे झिजलेले पॅड आणि टॉप-अप केलेली डबी घेऊन तुम्ही ट्रॅकवर गेलात. दुपारी कोणाच्या तरी लक्षात येतं की पॅड संपलेत. सोबत आणलेले नवे पॅड बसवायला पिस्टन आत ढकलले जातात. कॅलिपरमध्ये गेलेलं ते ६४ मिलिलिटर परत डबीकडे येतं, आणि तिथे जागा नसते. ऑईल झाकणातून बाहेर येतं आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं. गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून पिस्टन मागे ढकलण्याआधी डबीचं झाकण उघडून पातळी बघा, जास्त असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या आणि डबीभोवती जुनं फडकं गुंडाळा. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. हे ऑईल पाण्यात विरघळतं, त्यामुळे नुसतं पुसण्यापेक्षा धुणं उपयोगी पडतं.

पॅड चांगले जाड आहेत आणि तरीही पातळी उतरली आहे, असं असेल तर गळती आहे. यात दुसरी शक्यता धरून बसू नका. जमिनीवर डाग दिसत नाही म्हणून गळती नाही, असंही नाही. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑईल ब्रेक बूस्टरच्या पोटात उतरतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला टेकतो, त्या सांध्याखाली बोट फिरवून पाहा. मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड अलगद उचला. आत ओल असेल तर सिलिंडर बदलायचा. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑईल जातं, तेव्हा क्लच पेडलच्या वरच्या बाजूला आणि गिअरबॉक्सजवळही बघायला हवं. गळती सापडली नाही तर ट्रॅक डे पुढे ढकला. सापडली आणि दुरुस्त झाली, तरी पुढचे काही दिवस गाडी रस्त्यावर चालवून पातळी तिथेच राहते का ते बघा. निघण्याच्या आदल्या रात्री केलेल्या दुरुस्तीवर ट्रॅकवर विसंबू नका.

पातळी कमी असताना ट्रॅकवर नेमकं काय होतं, तेही सांगतो. रस्त्यावर आपण ब्रेक मारतो तेव्हा डबीतलं ऑईल किंचित हलतं. ट्रॅकवर चांगल्या टायरवर जोरात ब्रेक मारला, वळणात गाडी झोकली, की ते सगळं एका भिंतीला जाऊन चढतं. डबीच्या तळाला मास्टर सिलिंडरकडे जाणारी भोकं असतात. ‘मिन’च्या खाली गेलेल्या डबीत ती भोकं क्षणभर उघडी पडू शकतात आणि ऑईलऐवजी हवा आत जाते. वळणात ब्रेकचा लाल दिवा लुकलुकून विझला, तर तो सेन्सरचा दोष समजून पुढची लॅप मारू नका. हात वर करा, वेग कमी करा, पिटमध्ये या. हवा एकदा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर कित्येक गाड्यांत ती स्कॅनर जोडून युनिट चालवल्याशिवाय निघत नाही, आणि पॅडॉकमध्ये तो स्कॅनर प्रत्येकाजवळ नसतो.

हे झालं पातळीचं. आता आत काय भरलंय त्याकडे वळू या, कारण डबी काठोकाठ भरून जाणाऱ्यांचा घात तिथेच होतो.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. रबरी होजमधून आणि झाकणाच्या बारीक भोकातून पाणी आत येत राहतं. मुंबई, कोकण, गोवा इथे चार महिने पावसात उभी असलेली गाडी घ्या. तिच्या ऑईलमध्ये किती पाणी मुरलं ते डबीकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. पातळीत फरक दिसत नाही. रंगावरही भरवसा ठेवता येत नाही. काळपट ऑईल जुनं असतं हे खरं, पण सोनेरी, स्वच्छ दिसणाऱ्या ऑईलमध्येही पाणी असू शकतं.

या पाण्याने उकळण्याचं तापमान खाली येतं. बाटलीवर लिहिलेलं ‘डॉट’ अमेरिकेच्या वाहतूक विभागाच्या मानकातून आलं आहे, आणि त्यात दोन आकडे ठरवून दिलेले आहेत: एक कोऱ्या ऑईलचा, दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑईलचा. डॉट ३ साठी कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सियस, पाणी मुरल्यावर किमान १४०. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. बाटली घेताना आपण पहिला आकडा बघतो. दोन-तीन वर्षं न बदललेल्या गाडीत मात्र दुसऱ्या आकड्याच्या आसपासचं, कधी त्याहून वाईट ऑईल असतं.

आता ट्रॅकवरची उष्णता. चालकासकट ११०० किलो वजनाची हॅचबॅक ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर एका ब्रेकिंगमध्ये सुमारे आठ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. नळाचं जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. ती पाच सेकंदांत तयार होते, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये उतरते, आणि काही क्षणांत पुढचं वळण येतं. बुद्ध सर्किटची एक लॅप ५.१२५ किलोमीटरची आहे आणि तिच्यात एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे ब्रेक जास्त वेगावरून लागतो, पण मधे थंड व्हायला थोडा वारा तरी मिळतो. कोइमतूरचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा. वेग कमी लागतो, मात्र वळणांमागून वळणं येतात आणि ब्रेकला उसंत मिळत नाही. ‘लहान ट्रॅक आहे, तिथे कशाला एवढं’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

डिस्क तापते, डिस्कवरून पॅड, पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावरून पिस्टन आणि पिस्टनमागचं ऑईल. पॅड जाड असेल तर तो मधे आडोसा होतो. पॅड झिजून पातळ झाला की तो आडोसा जातो. म्हणजे ज्या गाडीत पॅड झिजलेत त्याच गाडीत ऑईल सर्वांत जास्त तापणार, आणि त्याच गाडीची उतरलेली पातळी आपण टॉप-अप करून लपवलेली असणार. तीन गोष्टी एका ठिकाणी गाठ घालतात त्या अशा.

ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. आधी पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. मग स्पंजसारखं मऊ लागतं. त्यानंतरच्या वळणाला ते फळीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जात राहते. पेडल घट्ट असूनही गाडी थांबेना, तर तो पॅड तापल्याचा दोष. पेडल मऊ पडलं तर ऑईल उकळलंय. हा फरक प्रत्येक चालकाला ट्रॅकवर उतरण्याआधी तोंडपाठ असला पाहिजे. पेडल खाली बसलं तर भराभर दोन-तीनदा पंप करा, एक-एक गिअर खाली आणा, आणि ट्रॅकच्या कडेची मोकळी जागा वापरा.

फसवणारी खरी गोष्ट पुढची आहे. गाडी पिटमध्ये आली, वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिली, ऑईल निवलं, वाफेचं पुन्हा पाणी झालं, आणि पेडल पहिल्यासारखं घट्ट झालं. मालक म्हणतो, “आलं की परत! जरा तापलं होतं.” नाही आलं. ऑईल तेच, पाणी तेवढंच, उकळण्याचं तापमान तेवढंच खाली. पुढच्या सत्रात ते आधीपेक्षा लवकर उकळेल. एकदा पेडल मऊ पडलेली गाडी ब्लीडिंग केल्याशिवाय, म्हणजे चाकाजवळच्या निपलमधून जुनं ऑईल आणि बुडबुडे काढल्याशिवाय, त्या दिवशी पुन्हा बाहेर काढू नका. मी हे पॅडॉकमध्ये हात जोडून सांगतो आणि तरी लोक निघतात, कारण प्रवेश फी भरलेली असते आणि सत्र संपत आलेलं असतं. फी गेली तर जाऊ द्या.

पिटमध्ये आल्यावरची एक सवयही मोडायला हवी. शेवटची लॅप जोरात मारायची, सरळ पॅडॉकमध्ये यायचं, हँडब्रेक ओढून इंजिन बंद करायचं. गाडी थांबल्यावर डिस्कवरचा वारा बंद होतो आणि तिची सगळी उष्णता कॅलिपरमध्ये झिरपते. कित्येकदा ऑईल ट्रॅकवर उकळत नाही, उभ्या गाडीत उकळतं. दहा मिनिटांनी गाडी हलवायला जावं तर पेडल फळीला. शेवटची लॅप पूर्ण हळू, शक्य तितकी ब्रेक न लावता मारा. पॅडॉकमध्ये थोडं फिरवा. उभी करताना हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. निघण्याआधी गाडी जागेवर असतानाच पेडल दाबून बघा.

मग करायचं काय? ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी ऑईल पूर्ण बदला. पूर्ण म्हणजे चारही चाकांतून. डबीतलं जुनं सिरिंजने ओढून नवं भरलं की बदललं, असं अनेक ठिकाणी चालतं आणि बिलावर ‘ब्रेक ऑईल चेंज’ लिहिलं जातं. ब्रेकचं ऑईल इंजिन ऑईलसारखं फिरत नाही. कॅलिपरमधलं कॅलिपरमध्येच बसून राहतं, आणि तापतं तेही तिथलंच. डबीत कोरं करकरीत ऑईल आणि कॅलिपरमध्ये चार वर्षांपूर्वीचं, अशी गाडी डबीकडे पाहणाऱ्याला निर्दोष वाटते.

साध्या गाडीला सगळं मिळून एक लिटर पुरतं. सीलबंद बाटली घ्या, तिच्यावरची तारीख बघा. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कपाटातून काढू नका. उघडल्या दिवसापासून ती ओलावा शोषतेय. गाडीला डॉट ३ किंवा डॉट ४ सांगितलं असेल तर हलक्या ट्रॅक डेला चांगल्या कंपनीचं ताजं डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालतं, पण एकदा गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. रेसिंगसाठी बनवलेली, कोरी असताना ३०० अंशांच्या पुढे टिकणारी ऑईलंही मिळतात, मोटुलचं आरबीएफ ६०० किंवा कॅस्ट्रॉलचं एसआरएफ. दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ती जरूर वापरावीत, मात्र एकदा भरून वर्षानुवर्षं विसरायची ती नव्हेत. डॉट ५ पासून लांब राहा. आकडा जवळचा दिसतो, पण ते सिलिकॉनचं आहे, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नसतं. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल या डबीत चुकून जरी गेलं, तरी रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. तसं झाल्याचा नुसता संशय असला तरी गाडी चालू करू नका.

ब्लीडिंगला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाजवळ. “दाब. धर. सोड.” एवढ्या तीन शब्दांवर सगळं काम चालतं. पेडल दाबून धरलेलं असतानाच निपल सैल करायचा, ऑईल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येऊ द्यायचे, निपल आवळायचा आणि मगच “सोड” म्हणायचं. निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं की हवा उलटी आत जाते. जुन्या गाडीत पेडल फळीपर्यंत रेटू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील जिथपर्यंत जात नाही तिथे गंज बसलेला असतो, त्यावरून सील घासलं तर फाटतं. पेडलखाली लाकडाची फळी ठेवली की काम भागतं. कुठल्या चाकापासून सुरू करायचं तो क्रम गाडीगणिक वेगळा असतो, पुस्तिकेत पाहा. आणि चाकाजवळ बसलेल्याने दर चार-पाच दाबांनंतर उठून डबी बघायचीच. ऐन कामात डबी रिकामी झाली तर तिथून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा. झाकणाखालचा रबरी पडदा खाली ओढला गेला असेल तर तो परत नीट घडीत बसवा.

नवे किंवा निदान अर्ध्याहून जाड पॅड बसलेत, ऑईल बदललंय, गाडी थंड आणि सपाट जागी उभी आहे, अशा वेळी पातळी ‘मॅक्स’च्या रेघेवर किंवा तिच्या किंचित खाली आणा. रेघेच्या वर भरू नका. ऑईल तापून फुगतं, त्याला जागा लागते. मग डबीवर इन्सुलेशन टेपचा बारीक पट्टा उभा चिकटवा आणि पातळीशी पेनाने रेघ मारून वेळ लिहा. प्रत्येक सत्रानंतर, गाडी निवल्यावर, पुन्हा बघा. पॅड झिजतील तशी रेघेपासून थोडी घट होईल. एका सत्रात डोळ्यांत भरण्याएवढी घट झाली तर चाकं काढा. रेसर मंडळी डबीभोवती टेनिसचा मनगटपट्टा चढवतात, तो झाकणातून झिरपलेला थेंब टिपायला. तुम्हीही चढवा, आणि दर वेळी तो ओला झालाय का ते हाताने पाहा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची ब्रेकची रचना वेगळी असते. त्यांचं ब्लीडिंग कंपनीच्या उपकरणांशिवाय करायला जाऊ नका.

गॅरेजवाल्या बंधूंना आणि सर्व्हिस सेंटरमधल्या मंडळींना माझी स्वतंत्र विनंती आहे. गिऱ्हाईकाला न सांगता ब्रेक ऑईल टॉप-अप करू नका. पातळी कमी दिसली तर पॅड मोजा, मिलिमीटरमध्ये आकडा जॉब कार्डवर लिहा. ऑईल बदललं तर डबीजवळ तारखेचं स्टिकर लावा. गिऱ्हाईक म्हणालं की ट्रॅकवर जायचंय, तर हसून सोडू नका. होज हाताने वाकवून भेगा बघा, निपल गंजून बसलेत का ते तपासा आणि चारही चाकांतून ऑईल काढूनच द्या. काढलेलं ऑईल गटारात ओतू नका, वेगळ्या बंद कॅनमध्ये साठवा.

आयोजकांनाही सांगायचं आहे. देशातल्या मोटर शर्यतींवर एफएमएससीआय या महासंघाची देखरेख असते आणि शर्यतीच्या गाड्यांची तपासणी कसून होते. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे म्हणून तपासणी सैल करून चालणार नाही. उलट इथे येणारा चालक नवखा असतो आणि गाडी घरची असते. डबी भरलेली दिसली की टिकमार्क, ही पद्धत थांबवा. पॅडची जाडी आणि ऑईल बदलल्याची तारीख, या दोन गोष्टी नोंदणीच्या अर्जातच मागा. ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला ट्रॅकवर सोडू नका, मग तो मित्र असो की प्रायोजकाचा पाहुणा.

आपल्याकडच्या खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात; संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर भरपाईच्या भरवशावर राहू नका, हे घरच्यांनाही ठाऊक असू द्या.

आणि ही गाडी तुम्हाला घरी आणायची आहे. कोइमतूर किंवा चेन्नईहून पुण्याला यायचं म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर. दिवसभर ट्रॅकवर ऑईल भाजून काढलेली तीच गाडी साताऱ्यानंतर खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतारावर येते, पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे घसरते. तिथे पुढे ट्रक असतात, शेजारी दुचाकी असतात. ट्रॅकवर धोका पत्करायला तुम्ही स्वतः होकार दिलेला असतो, या लोकांना कोणीही विचारलेलं नसतं. परतीला निघण्याआधी पॅड बघा, पातळी बघा, आणि दिवसात एकदाही पेडल मऊ पडलं असेल तर तिथल्याच गॅरेजमध्ये चारही चाकांचं ब्लीडिंग करून घ्या. उतारावर गिअर खाली ठेवून या.

या हंगामात ज्यांनी नाव नोंदवलं आहे त्यांनी आज संध्याकाळीच बॉनेट उघडून पातळीशी रेघ मारावी. या शनिवारी चाकं काढून पॅड मोजावेत. पुढच्या आठवड्यात ऑईल बदलून घ्यावं. वेळ नसेल तर त्या तारखेला जाऊ नये. ट्रॅक पुढच्या महिन्यातही असतो. ऑईल बदलल्याचं बिल आणि चारही चाकांच्या पॅडची जाडी लिहिलेला कागद सोबत आणा. तपासणीला मी असलो तर हेल्मेटच्या आधी तोच मागणार आहे.